गच्चीवरची मिरची आणि गुप्त्यांची वही

गच्ची आमची नाही, हे मी आधीच सांगून टाकते. नाहीतर लोक म्हणतील, तोरसकरांची सुभद्रा गच्चीची मालकीण असल्यासारखी बोलते. गच्ची चाळीची. पण होळी झाली की कमिटी मला तिची किल्ली देते आणि मे संपेपर्यंत ती माझ्या कमरेला असते. एकोणीस वर्षं असंच चाललंय. लालबागमध्ये मसाला विकणारे पैशाला पासरी, पण स्वतःच्या हाताने देठ खुडून, तीन उन्हं दाखवून, कढईत परतून डंकावर उभं राहून कुटून घेणाऱ्या किती? माझी गिऱ्हाईकं दादरपासून गिरगावपर्यंत आहेत, आणि ती माझ्या तोंडाकडे बघून नाही, मसाल्याच्या रंगाकडे बघून येतात. तो रंग उन्हाचा. आणि ऊन फक्त गच्चीवर. खाली चौकात दुपारी बारालाही सावली असते.

म्हणून किल्ली गेली तर माझा मसाला गेला. बाकी काही नाही, एवढंच.

आमच्या चाळीच्या दोन इमारती. पुढची रस्त्यावर, तीन मजल्यांची. तिच्यावर ही गच्ची. मागची चार मजल्यांची, पूर्वेला, शिवडीच्या अंगाला. मध्ये चिंचोळा चौक. मागच्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर रघुवीर गुप्ते राहतात. गोदीत हेडक्लार्क होते, आता बहात्तर वर्षांचे. त्यांच्या गॅलरीतून आमची गच्ची ताटात वाढल्यासारखी दिसते. त्यांच्या मिसेस, मीनाक्षीवहिनी, दम्याने हैराण. बाई गरीब, हळू बोलणारी. गुप्ते मात्र कडक. जिन्यात चप्पल वाजली तरी दार उघडून बघणारे.

इतकी वर्षं त्यांचा त्रास नव्हता. दोन वर्षांपूर्वी रस्त्यापलीकडे गिरणीच्या जागेवर टॉवर उभा राहिला आणि वाऱ्याचं डोकं फिरलं. पूर्वी तो सरळ यायचा, सरळ जायचा. आता टॉवरला आपटतो, कोपऱ्यावरून वळतो, कुठून घुसेल नेम नाही. यंदा होळीनंतर चौथ्याच दिवशी गुप्ते गॅलरीत उभे राहून मला म्हणाले, "तोरसकरबाई, तुमची मिरची आमच्या देवघरात आली आहे." मी हात धुऊन वर गेले माफी मागायला. त्यांनी दाराची साखळी काढली नाही. त्या फटीतून आत मीनाक्षीवहिनींचा ठसका ऐकू येत होता. माझ्या अंगावर लाल भुकटी, नाकावर पदर. मला माझीच लाज वाटली. जिना उतरताना दुसऱ्या मजल्यावरची सीमा भेटली, तिनेही मला बघून नाकाला रुमाल लावला. तो मला गुप्त्यांच्या साखळीपेक्षा जास्त लागला.

कमिटीचा सेक्रेटरी अभय घाडी संध्याकाळी घरी आला. चांगला मुलगा, पण सेक्रेटरी झाल्यापासून मान हलवून बोलतो. म्हणाला, मावशी, गुप्त्यांनी लेखी दिलंय. पुढच्या पंधरवड्यातल्या रविवारी मीटिंग आहे. तोवर त्रास थांबला नाही तर किल्ली परत घ्यावी लागेल. आमचे हे भिंतीला टेकून बसले होते. गिरणी गेल्यावर तीस वर्षं लिफ्टमन होते, तेव्हापासून एका जागी बसून सगळं ऐकायची सवय. नाव दगडू, पण माणूस लोण्याचा. अभय गेल्यावर म्हणाले, मिरची बंद करूया काय? मी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. ते उठून चहा टाकायला गेले.

दर्शनाने उपाय काढला. आमची एकुलती एक, परळला ऑफिसात हिशेबाच्या मशीनपुढे बसते, शिकलेली. तिने मोबाईल माझ्यापुढे धरला. त्यात तासातासाचा वारा लिहून येतो, किती जोराचा, कुठल्या दिशेचा. सकाळी पूर्व, पूर्व, पूर्व. बारा वाजल्यापासून पश्चिम. दर्शना म्हणाली, आई, बघ ना, सकाळी वारा पूर्वेचा म्हणजे गुप्त्यांकडे. दुपारी पश्चिम म्हणजे रस्त्याकडे, वरळीकडे. तू सकाळी देठ खुडतेस, तिथेच चुकतंय. खुडणं, झटकणं, बिया पाखडणं, सगळं दुपारी कर. सगळी धूळ टॉवरवाल्यांना जाऊ दे, त्यांच्या खिडक्या तशाही बंदच असतात.

मला ते पटलं. का नाही पटणार? स्टेशनवर पाटी बघतो ना आपण. पाटीवर कल्याण आलं की गाडी कल्याणला जाते. मोबाईलवर पश्चिम आलं की वारा पश्चिमेला जातो. जन्म मुंबईत गेलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार?

दुसऱ्या दिवसापासून मी बारा ते चार गच्चीवर. एप्रिलचं ऊन. फरशीवर पाऊल टेकवत नाही. पाण्याच्या टाकीच्या सावलीत गोणपाट टाकून बसायचं, समोर बेडगीचा ढीग, बाजूला संकेश्वरी, आणि लवंगी वेगळी, कारण तिला नुसतं हात लावला तरी बोटं पेटतात. हाताला आधी खोबरेल चोळून घ्यायचं. डोळ्याला खाज सुटली तर मनगटाने पुसायचा, तेही कोपराकडच्या बाजूने. एका दुपारी सहा-सात किलो मिरचीचे देठ खुडून होतात. मग ताडपत्रीची चारी टोकं धरून मिरची झटकायची, की बिया आणि भुकटी खाली राहते. हे माझ्यासमोर छत्री धरून बसायचे, आणि माझ्यावर सावली पडायच्या ऐवजी त्यांच्याच गुडघ्यावर पडायची. टाकीच्या आडोशाला वारा माझ्या तोंडावर यायचा, गुप्त्यांच्या बाजूने. म्हणजे तो रस्त्याकडेच चाललाय. मोबाईल खरा, दर्शना खरी. मी खूश.

आणि तरी गुप्त्यांची गॅलरीची खिडकी रोज धाडकन बंद व्हायची. तिसऱ्या दिवशी त्यांनी आतून ओली चादर लावली. मी ह्यांना म्हटलं, वारा उलटा चाललाय तरी ह्या माणसाचं आपलं नाटक. नंतर बघितलं तर ते टाकीपासून लांब, कठड्यापाशी टक्कल वाऱ्याला लावून उभे होते. मला वाटलं, उकडतंय म्हणून.

रविवारी मीटिंग झाली, चौकात, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. पंधरा-वीस माणसं. गुप्ते इस्त्रीचा शर्ट घालून आले, काखेत जाड वही. गोदीत चाळीस वर्षं नोंदी केलेला माणूस, तक्रारही नोंद करूनच करणार. त्यांनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. अमुक तारीख, दुपारी बारा चाळीस, पश्चिमेच्या खिडकीतून, शिंका चार, मीनाक्षीस खोकला. अमुक तारीख, एक दहा, पश्चिमेच्या खिडकीतून, शिंका सहा. अमुक तारीख, दोन वीस, पश्चिमेच्या खिडकीतून, शिंका नऊ. कोणीतरी मागे हसलं. गुप्त्यांनी मान वर केली नाही. नऊनंतर अकरा आल्या, अकरानंतर चौदा. मी मान खाली घालून बसले होते. माझ्या बोटांची लवंगीची आग अजून गेली नव्हती, ती पदरात धरून बसले होते.

वाचून झाल्यावर अभयने मान हलवली. तो किल्लीचं काही बोलणार, तेवढ्यात आमचे हे उभे राहिले. मीटिंगमध्ये हे कधी बोलत नाहीत, त्यामुळे सगळ्यांच्या माना वळल्या. त्यांनी गुप्त्यांना विचारलं, सकाळची एकतरी शिंक लिहिली आहे का? गुप्त्यांनी पानं उलटली. होळीनंतरची सगळी पानं. बारीक अक्षर, रेघा आखलेल्या. म्हणाले, नाही, सकाळी एकही नाही. पहिली नोंद साडेअकरानंतरची.

हे दर्शनाकडे वळले. तिला समजावताना त्यांच्या तोंडात गावची बोली आली, ती त्यांना राग आला की किंवा लाड आला की येते.

"माका लोक देवगडचो म्हणतत. म्हणजे काय मी देवगडाक चललंय? थयसून इलंय मी. वाऱ्याचा पण तसाच आसा, बाय. पश्चिमेचो वारो म्हणजे पश्चिमेसून इललो."

दर्शनाने मोबाईल बघितला, मग गुप्त्यांची चौथ्या मजल्यावरची गॅलरी, मग परत मोबाईल. तिचा चेहरा बेडगीसारखा लाल झाला. माझ्या डोक्यात तेव्हाच लख्ख झालं. आधी सकाळचं खुडणं बारापर्यंत लांबलं की तेवढीच तिकडे जायची; आता आठ दिवस मी भर उन्हात बसून, वेळ बघून, नेम धरून मिरची थेट गुप्त्यांच्या देवघरात पाठवत होते. आणि टाकीच्या आडोशाला जो वारा तोंडावर यायचा, तो टाकीला वळसा घालून मागे फिरलेला. ह्यांना कठड्यापाशी ते कळलं होतं, पण मीटिंगपर्यंत बोलले नाहीत. का, तर म्हणाले, तू ऐकलं असतंस? ते खरंच होतं.

मी उभी राहिले आणि गुप्त्यांना सरळ म्हटलं, "चूक आमची आहे, साहेब. तुमची वही बरोबर आहे, मोबाईल वाचण्यात आम्ही चुकलो. ही वही मला दहा दिवस उसनी द्या."

माणसं हसली. गुप्ते हसले नाहीत. पण चाळीस वर्षं रकाने भरलेल्या माणसाला कोणी सांगितलं की तुमची नोंद बरोबर आहे, तर त्याला नाही म्हणता येत नाही. त्यांनी वही मिटली, उघडली, परत मिटली. मग म्हणाले, वही देणार नाही, पण रोज सकाळी वेळ सांगीन. वारा माझ्या खिडकीत कधी फिरतो ते मला कळतं. तुम्ही त्याआधी काम उरकायचं. दहा दिवसांत तीन शिंका झाल्या, मग त्या माझ्या असोत नाहीतर मीनाक्षीच्या, तर किल्ली परत. अभयने ते कागदावर लिहून घेतलं. मी सही केली.

मग खरं काम सुरू झालं. पहाटे पाण्याची गडबड संपली की साडेसहाला गच्चीवर. सकाळचा वारा शिवडीकडून, हलका, गारसर, तो धूळ रस्त्याकडे नेतो. सकाळी खुडायचं, सकाळीच झटकायचं. ह्यांनी बांबूच्या टोकाला माझ्या जुन्या नऊवारीची पट्टी बांधली आणि बांबू टाकीपासून लांब, कठड्याच्या कोपऱ्याला सुंभाने आवळला. पट्टी टॉवरकडे उडते तोवर आपण राजे. पट्टी लोंबकळली की हात आवरता घ्यायचा, कारण वारा बदलायची वेळ झाली. पट्टी गुप्त्यांकडे वळली की सगळ्या मिरचीवर जुनी मच्छरदाणी, कडांना विटा, आणि कोणी तिला हात लावायचा नाही. ऊन मच्छरदाणीतूनही लागतं.

मोबाईल मी टाकून दिला नाही. दर्शना रोज ऑफिसला जाताना चिठ्ठी लिहून फळीवर ठेवायची. पण मोबाईल सांगतो तो अख्ख्या शहराचा वारा. तो म्हणायचा एक वाजता फिरेल, आणि गुप्त्यांच्या वहीत सव्वाअकरा. रोज वही जिंकायची. मग मोबाईलच्या वेळेतून पावणेदोन तास कमी करायला मी शिकले, जसं सीमा 'आले, आले' म्हणाली की अर्धा तास धरायचा तसं. चिठ्ठीत दोन आकडे असायचे. वारा चौदा, झोत अडतीस. मी विचारलं, दोघांपैकी खरा कुठला? हे म्हणाले, दोन्ही खरे. चौदा हा तुझा रोजचा स्वभाव, अडतीस म्हणजे तुला राग येतो तेव्हाचा. मच्छरदाणीच्या विटा रागाच्या आकड्याने ठेवायच्या. मी त्यांच्या अंगावर देठ फेकले, पण विटा वाढवल्या.

अकराच्या सुमाराला गुप्ते गॅलरीत यायचे. बोलायचे नाहीत. काठीने कठड्याच्या लोखंडावर टक टक करायचे, म्हणजे फिरतोय. पहिले दोन दिवस मला ते हुकूम सोडल्यासारखं वाटलं आणि राग आला. तिसऱ्या दिवशी टक टक दहा मिनिटं उशिरा आलं, तर मीच वर बघत बसले. पाचव्या दिवशी एक शिंक झाली. आठव्या दिवशी आणखी एक, आणि ती माझी चूक होती, धण्याची गोणी वेळ संपल्यावर पाखडली. गुप्त्यांनी गॅलरीतून दोन बोटं दाखवली. तिसरं बोट मुडपून ठेवलं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

दहावा दिवस. गच्चीवर शेवटची वीस किलो, निम्मी लवंगी, सगळ्यात हलकी आणि सगळ्यात जहाल. आदल्या दिवशीची भुकटी अजून तिच्यात होती, झटकायची राहिली होती. चिठ्ठीत लिहिलं होतं, वारा सोळा, झोत अठ्ठेचाळीस, संध्याकाळी. मी म्हटलं, संध्याकाळी ना, तोवर शेवटचं ऊन लागू दे, चारला गोळा करू. हे खाली झोपले होते, गुडघा धरला होता त्यांचा. मी टाकीजवळ बसून दगडफूल निवडत होते.

तीन वाजले असतील. गुप्त्यांची काठी वाजली. टक टक नाही, टक टक टक टक, थांबेचना. मी वर बघितलं. ते हाताने टॉवरकडे दाखवत होते. त्यांना वरून दिसत होतं, मला कठड्यामुळे नाही. मी उठून बघितलं, तर वरळीच्या अंगाला आकाश मातकट झालेलं, आणि टॉवरवर जे हिरवं जाळं अजून लटकत होतं ते फुगून आडवं झालेलं. बांबूवरची माझी नऊवारी एकदम ताठ झाली.

मी ताडपत्री ओढली. ती मिरचीवर टाकायची म्हणजे चार टोकं, आणि मी एकटी. एक टोक विटेखाली घातलं की दुसरं उडायचं. मच्छरदाणीची एक कड सुटली. मी गुडघ्यावर बसून तिच्यावर हात पसरले, आणि मनात एकच, की तिसरी शिंक आत्ता होणार, माझ्या डोळ्यांदेखत, आणि एकोणीस वर्षांची गच्ची ह्या एका झोतात जाणार. मला रडू आलं. डोळे पुसायला हातही मोकळा नव्हता.

जिन्यावर चपला वाजल्या. मला वाटलं, हे आले. बघते तर गुप्ते. चार मजले उतरून, चौक ओलांडून, तीन मजले चढून. तोंडाला मोठा रुमाल, शर्ट इस्त्रीचा. ते सरळ ताडपत्रीच्या वरळीकडच्या टोकावर बसले. म्हणजे अक्षरशः बसले, पाय पसरून. त्यांच्यामागून हे लंगडत आले आणि दुसऱ्या टोकावर बसले. तिसऱ्यावर मी, चौथ्यावर सगळ्या विटा. वारा आमच्या अंगावरून गेला. पाच मिनिटं, फार तर सात. टाकीचं पत्र्याचं झाकण गेलं, कोणाचा तरी परकर चौकात पडला. आमच्या ताडपत्रीखालून एक देठ बाहेर आला नाही.

तेव्हा गुप्त्यांना शिंक आली. मग दुसरी. लवंगीच्या ढिगाला पाठ लावून बसलेला माणूस, रुमाल काय करणार? मी मोजत होते, मोजायचं नव्हतं तरी मोजत होते. सात. सातव्या शिंकेला त्यांचा चष्मा खाली पडला. ह्यांनी तो उचलून, धोतराला पुसून त्यांना दिला. गुप्ते डोळे पुसत उठले आणि म्हणाले, "मिरची चांगली आहे, वहिनी." इतक्या वर्षांत पहिल्यांदा वहिनी. आणि जिना उतरून गेले.

रात्रभर मी ह्यांना विचारत होते, सात म्हणजे तीनच्या वर, नाही का? हे म्हणाले, झोप आता. मला वाटत होतं, तो माणूस खोटं लिहिणार नाही. खोटं लिहून मिळालेली किल्ली मलाही नको होती, हेही तितकंच खरं. पण सकाळी मी किल्ली धुऊन, पुसून पदराला बांधली, द्यायची वेळ आली तर ती घाण नको म्हणून.

अभयच्या घरी गुप्ते वही घेऊन आले. अभयने ती मोठ्याने वाचली. पहिला दिवस, शिंका शून्य. दुसरा, शून्य. पाचवा, एक. आठवा, एक. मी पदराची गाठ सोडायला लागले होते. दहाव्या दिवशी अभय थांबला, चष्मा नाकावर सरकवला आणि हळू वाचलं, "दुपारी तीन पाच. पश्चिमेचा वारा. झोत फार जोराचा. घरात शिंक नाही."

अभय म्हणाला, एकूण दोन. म्हणजे किल्ली मावशींकडेच. मी गुप्त्यांकडे बघितलं. ते अभयच्या पंख्याकडे बघत होते, जणू तो पंखा त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. लिहिलं होतं ते खरंच होतं. घरात शिंक झाली नव्हती.

मसाला मंगळवारी कुटून आला. पहिली बरणी मी चौथ्या मजल्यावर नेली, मीनाक्षीवहिनींसाठी लवंगी न घालता वेगळा कुटून घेतलेला. दार वाजवलं. साखळी काढून गुप्त्यांनी पूर्ण दार उघडलं.